शब्दचर्चा: 'द स्क्वॉटर्स डॉटर'मधला स्क्वॉटर नेमका कोण?

प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या जुन्या रंगभूमीवर लेख लिहिते आहे. बर्ट बेली आणि एडमंड डगन या जोडीने 'अल्बर्ट एडमंड्स' या नावाने लिहिलेलं 'द स्क्वॉटर्स डॉटर' १९०७ साली मेलबर्नमध्ये रंगमंचावर आलं आणि खूप गाजलं. शहरापासून लांब, मेंढ्यांच्या मुलखात घडणारं अतिनाट्य. कोशात स्क्वॉटर म्हणजे 'दुसऱ्याच्या जागेत बेकायदा ठाण मांडणारा'. पण नायिका तर मोठ्या मालमत्तेची धनीण आहे. तिला 'अतिक्रमण करणाऱ्याची मुलगी' कसं म्हणू?

प्रतिसाद १

सरळ 'जमीनदाराची मुलगी' लिहा. वाचक अडणार नाही.

प्रतिसाद २

वाचक अडणार नाही हे खरं, पण त्या शब्दाची सगळी कहाणी जाईल. १८२९ मध्ये न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने एकोणीस काउंट्यांची (जिल्ह्यांसारख्या विभागांची) हद्द आखली आणि त्यापलीकडे वस्ती करायला मनाई केली. लोक तरीही कळप घेऊन पलीकडे गेले. गवत-पाणी दिसेल तिथे बसले. तेव्हा 'स्क्वॉटर' हा हिणवण्याचा शब्द होता. १८३६ पासून वर्षाला १० पौंड भरून चराईचा परवाना मिळू लागला, लोकरीचा पैसा आला, आणि तोच शब्द बड्या घराण्यांना मानाने लागू लागला. जमीन मुळात तिथल्या आदिवासींची, त्यांना कोणीच विचारलं नाही. म्हणून लेखात 'ओसाड सरकारी जमीन' असं कृपया लिहू नका.

'इनामदार', 'वतनदार' हेही मी पारखून पाहिले. जमत नाहीत. इनामदाराकडे सनद असते; यांनी जमीन आधी धरली, कागद मागून आला. 'मेंढपाळ' म्हणावं तर आपला धनगर कळप घेऊन गावोगाव फिरतो, हजारो एकर कुरण त्याच्या ताब्यात नसतं. माझं मत: 'स्क्वॉटर' तसाच ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात त्याचा हा प्रवास सांगा.

शेजारचा शब्दही सांभाळा: 'सिलेक्टर'. १८६१ च्या कायद्याने सामान्य माणसाला ४० ते ३२० एकरांचा तुकडा निवडून घेता येऊ लागला, एकरी एक पौंड दराने, चौथा हिस्सा आधी भरून. बहुतेकदा तो तुकडा स्क्वॉटरच्याच कुरणातला, त्यामुळे दोघांत कायमचं वैर. याच बेलीने १९१२ मध्ये 'ऑन अवर सिलेक्शन' रंगमंचावर आणलं आणि त्यातल्या शेतकरी बापाची भूमिका स्वतः केली. तिथे 'सिलेक्शन'चं 'निवड' केलंत तर नाटकाचा पायाच जाईल. ती त्या कुटुंबाची जमीन आहे.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आणि 'बुश'? मी 'झुडपी जंगल' लिहून बसले होते. 'स्टेशन'चाही घोळ आहे: तिकडे ते म्हणजे मेंढ्या पाळण्याची मोठी मालमत्ता, पण वाचकाला आगगाडीच दिसेल.

प्रतिसाद ३

बुशला 'रान' इतका चपखल शब्द दुसरा नाही. आमच्याकडे साताऱ्याला 'रानात गेलाय' म्हणजे शेतावर गेलाय; जंगल असायलाच हवं असं नाही. बुशही तसाच, शहर नव्हे ते सगळं. नाटकात बेन हॉल हा बुशरेंजर येतो, १८६५ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेला खरा दरोडेखोर. त्याला 'रानातला दरोडेखोर' म्हणा. 'डाकू' म्हटलं की चंबळच दिसतं. 'स्टेशन' मात्र पहिल्यांदा 'मेंढ्यांचं स्टेशन' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं चालेल.

प्रतिसाद २

'रान' फारच छान. आता उपशीर्षक राहिलं: 'द लँड ऑफ द वॉटल'. वॉटल म्हणजे अकेशिया, बाभळीच्या गोतातलं झाड. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला लावलेली 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' त्यातलीच. तरी 'बाभळीचा देश' नको. आपल्या कानाला बाभूळ म्हणजे काटे, आणि तिकडच्या बहुतेक वॉटलना काटे नसतात. त्यांना आठवतो तो पिवळाधमक बहर.

प्रश्नकर्ती

मग असं करते: 'स्क्वॉटरची लेक, अर्थात वॉटलचा मुलूख'. 'मुलगी'ऐवजी 'लेक', कारण तिथे घराणं आणि वारसा बोलतो. खाली पिवळ्या फुलांबद्दल दोन ओळी टाकते.