मदत हवी आहे: लिलावात घेतलेला फ्लॅट आणि आधीच्या मालकाची सोसायटीची थकबाकी

कल्याणकर
बँकेच्या ई-लिलावात डोंबिवली पूर्वेला वन बीएचके मिळाला आहे. २५ टक्के रक्कम भरली. आता सोसायटीचे सेक्रेटरी अडून बसलेत, म्हणतात आधीच्या मालकाचा थकलेला मेंटेनन्स व्याजासकट भरा, तोवर ना हरकत दाखला नाही. काँट्रॅक्टर सोमवारपासून मोकळा आहे. दसऱ्यापर्यंत काम आटपून दिवाळीत फ्लॅट विकायचाय. दुसऱ्याची थकबाकी मी का भरू? कलम सांगा, उद्याच सेक्रेटरींपुढे ठेवतो. कृपया लवकर.

पूर्वा_क
किल्ली मिळाली का?

रंगारी
विकण्यासाठी काम काढताय तर पैसा बाथरूममध्ये घाला. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आहे का, ते आधी बघून या. असेल तर जुन्या लाद्या उखडा, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा थर) नव्याने करा, पाणी तुंबवून दोन दिवस ठेवा आणि मगच टाइल्स लावा. पीओपीवर उधळू नका. गिऱ्हाईक नळ सोडून बघतं आणि खिडकीखालच्या भिंतीवर हात फिरवतं.

कोर्टकचेरी
एक पैसाही भरू नका. मेंटेनन्स थकवला जुन्या सभासदाने, वसुली त्याच्याकडून करायची. सरळ सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार टाका.

जुना_बँकवाला
@कोर्टकचेरी, एवढं सरळ नसतं. बँका 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर विकतात आणि बहुतेक जाहिरातींत सोसायटी, पालिका, वीज यांची देणी खरेदीदाराच्या माथी मारलेली असतात. ती अट वाचल्याशिवाय भांडायला जाऊ नये. भरावं लागलंच तर खातेउतारा मागा. आदर्श उपविधींप्रमाणे व्याज सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांच्या वर लावता येत नाही. चक्रवाढ लावली असेल तर तिथे जरूर भांडा.

@कल्याणकर, जाहिरातीत 'प्रत्यक्ष ताबा' आहे की 'सांकेतिक ताबा'? आणि उरलेल्या ७५ टक्क्यांची तारीख कोणती?

कोर्टकचेरी
अट बँक आणि खरेदीदार यांच्यातली. सोसायटी त्यात पक्षकारच नाही, तिने त्या अटीवर बोट का ठेवावं?

जुना_बँकवाला
बरोबर, पण सभासदत्व सोसायटीच देते. उपनिबंधकांकडचा निकाल दिवाळीच्या आत येईल असं छातीठोक सांगाल?

कोकणी_माणूस
या लफड्यात पडूच नये. त्या पैशात गावाकडे कलमांची बाग येते. सातबारा स्वच्छ बघून घ्यायची. मी तेच केलं, सुखात आहे.

पूर्वा_क
बागेचा धागा वेगळा काढा ना. मूळ प्रश्नकर्ते, किल्ली?

कल्याणकर
किल्ली बँक देईल ना. माझा प्रश्न थकबाकीचा आहे. जाहिरातीत सांकेतिक लिहिलंय. आत भाडेकरू आहे, पण माणूस बरा वाटला, महिन्याभरात सोडतो म्हणाला.

जुना_बँकवाला
मग थकबाकी राहू द्या बाजूला. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, घर रिकामं केलेलं नाही. सरफेसी कायद्याच्या (बँकेला तारण विकून कर्ज वसूल करू देणारा कायदा) कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रत्यक्ष ताबा घ्यायचं काम बँकेचं. विक्रीनंतरही बँक तो अर्ज करू शकते, गोव्यातल्या ब्लू कोस्ट हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलंय. बँकेला आजच लेखी मागणी द्या.

भाडेकरार नोंदवलेला आहे का? तारीख बघा. कर्जदाराला त्याच कायद्याच्या कलम १३(२) ची, म्हणजे कर्ज फेडा अशी, नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देता येत नाही.

मीनल_जोगळेकरवाडी
त्या भाडेकरूच्या घरात मुलं शाळेत जाणारी असतील तर सत्राच्या मध्यात बाहेर काढू नका, एवढं कळकळीने सांगते. कर्ज त्यांनी बुडवलेलं नाही. सामान हलवायचा खर्च दिलात तर सामोपचाराने निघतील.

शेअरखाते
दिवाळीत विकलंत तर २४ महिन्यांच्या आतली विक्री होईल. नफा अल्पकालीन, तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. पत्नीच्या नावावर घेतला असता तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत होती.

पूर्वा_क
७५ टक्के रोख आहेत की कर्ज काढताय? तारीख अजून सांगितलेली नाहीत.

कल्याणकर
कर्जाचा अर्ज दिलाय, मंजुरी यायचीय. विक्री कायम झाल्याचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. तारीख पुढच्या शुक्रवारची.

जुना_बँकवाला
हे पहिल्या ओळीत हवं होतं. सांकेतिक ताब्यावर कर्ज द्यायला बँका का-कू करतात. सरफेसीच्या नियमांतल्या नियम ९ प्रमाणे विक्री कायम झाल्यापासून १५व्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम. मुदतवाढ मिळते, पण तुमच्या आणि बँकेच्या लेखी संमतीने आणि फार तर ३ महिने. शुक्रवार चुकला तर भरलेले २५ टक्के जप्त. अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये योग्य ठरवलीय, तिथे गयावया चालत नाही. उद्या सेक्रेटरींकडे जाऊ नका, बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे (लिलाव हाताळणारा) जा. मुदतवाढीचा आणि कलम १४ चा, दोन वेगळे अर्ज. दोन्हींवर पोच आणि शिक्का घ्या.

कोर्टकचेरी
याला माझं अनुमोदन. थकबाकीवर मात्र मी ठाम आहे.

कल्याणकर
मुदतवाढीच्या अर्जात कारण काय लिहू? ताबा की कर्ज?

जुना_बँकवाला
दोन्ही. कर्जाच्या अर्जाची पोच जोडा.

रंगारी
काँट्रॅक्टर सोमवारी मोकळाच राहणार असेल तर विपुत (माझ्या विचारपुशीत) नंबर टाका. ठाकुर्लीला माझं बाथरूमचं काम अडलंय.