शेल कोअर बॉक्सची झीज: लेझर क्लॅडिंग करावं का?

शिरोलीकर:
पंप हाउसिंगच्या कोअरचा (कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) शेल बॉक्स आहे, म्हणजे तो गाभा बनवायचा तापता साचा, कास्ट आयर्नचा. वाळू ज्या भोकातून आत येते त्याच्या समोरच्या भिंतीत खड्डा पडलाय, नख अडकतं. बॉक्सचे दोन भाग जुळतात ती पार्टिंगची धारही गोल झालीय. प्रत्येक कोअरला फिन (कडेला जादा पापडी), पोरं कानस घेऊन बसलेली. मागे टिग वेल्डिंगनं भरून घेतला, तर वेल्डच्या कडेनंच भेग गेली. आता एकजण म्हणतो लेझर क्लॅडिंग करा, म्हणजे लेझरनं धातू वितळवून वर थर चढवा, बॉक्स वाकणार नाही. दर ऐकून घाम फुटला.

टूलरूम_भोसरी:
वाकणार नाही हे खरं. लेझरची झळ आत जेमतेम मिलिमीटरभर जाते. पण तुमचं दुखणं वाकण्याचं नाहीच. कास्ट आयर्नमध्ये साधारण ३ टक्क्यांवर कार्बन. वितळलेला भाग झटकन निवला की सांध्यावर पांढरं, ठिसूळ आयर्न तयार होतं. टिगच्या भेगेमागे बहुतेक हेच असणार, आणि लेझरमध्ये तर आणखी झटकन निवतं. वर तुमचा बॉक्स सव्वादोनशे-अडीचशे डिग्रीवर चालणार. निकेलची पावडर वापरणारा, बॉक्स आधी तापवून घेणारा आणि नंतर सावकाश निवू देणारा भेटला तरच द्या.

आणि खड्ड्याला लेझर कशाला राव? मिलिंगनं खिसा काढा, हार्डन केलेला एच १३ (टूल स्टील) चा तुकडा बसवा, मागून स्क्रू. झिजला की तुकडा बदला. धारेला असा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, धरायला जागा नसते, तेवढीच लेझरला द्या.

डायवाला_चाकण:
सहमत. आमच्या ॲल्युमिनियम ओतायच्या प्रेशर डाय (साचे) एच १३ च्या, तिथे लेझर मस्त चालतं. गेटसमोरची (धातू आत शिरतो त्या तोंडासमोरची) झीज अर्ध्या मिलिमीटरच्या तारेनं, मायक्रोस्कोपखाली भरतात. इन्सर्ट तर मॅरेजिंग स्टीलच्या (एक मजबूत निकेल-स्टील) पावडरमधून लेझरनं थेट प्रिंट होतात, डाय थंड ठेवणारी पाण्याची वाट आकाराच्या कडेकडेनं वळवता येते. नंतर ४९० डिग्रीला सहा तास एजिंग (कडक करायला तापवून ठेवणं), कडकपणा ५० एचआरसीच्या (रॉकवेल माप) वर जातो. पण शेल बॉक्स तापवायचा असतो, त्याला पाण्याची वाट काय कामाची!

शिरोलीकर:
इन्सर्टचं पटलं. धार भरताना जुनं वेल्ड राहू दिलं तर चालेल?

टूलरूम_भोसरी:
अजिबात नाही. मूळ लोखंड लागेपर्यंत ग्राइंड करा, मग डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा लाल रंग) मारा. लाल रेघ दिसली तर अजून खाली जा, नाहीतर तीच भेग नव्या थरातून वर येते. आणि फिनिशिंगला अर्धा मिलिमीटर जादा भरायला सांगा.