उंदरांसाठी पेस्ट कंट्रोल : स्वस्तवाला बोलवू की भोकं बुजवणारा?

लालबागला चाळीत तळमजल्यावर राहतो, मागे हाउस गल्ली, म्हणजे दोन इमारतींमधली सांडपाण्याची अरुंद बोळ. पाऊस लागल्यापासून रात्री बारानंतर खुडबुड सुरू होते ती पहाटे नळाला पाणी येईपर्यंत. शेगडीमागे तांदळाएवढ्या टोकदार लेंड्या सापडतात, म्हणजे घरात लहान उंदीर आहेत. पण मोरीच्या पाइपाभोवतीचं सिमेंट गल्लीच्या बाजूने उकरलंय, ते काम घुशीचं. परवा फ्रीजची वायर कुरतडलेली दिसली, आतली तांब्याची तार उघडी. माझं १० महिन्यांचं बाळ त्याच कोपऱ्यात रांगत होतं. अजून आठवलं की हातपाय गार पडतात.

चिकट पॅड एकदा लावला. पिल्लू अडकलं आणि रात्रभर चिरकत राहिलं. पुन्हा नाही लावणार.

दोन पेस्ट कंट्रोलवाले येऊन गेले. पहिला दाराशीच म्हणाला, ‘विषाचा केक टाकतो, सहा महिने गॅरंटी.’ मोरीत डोकावलाही नाही. दुसऱ्याने बॅटरी मारून माळा, ओट्याखालचं, दाराची फट, सगळं पाहिलं. म्हणाला, आधी भोकं बुजवा, घरात फक्त पिंजरे, विष गल्लीत कुलूपबंद डब्यांतून, आणि महिन्यात चार फेऱ्या. पैसे दुपटीहून जास्त. नवरा म्हणतो, स्वस्तातला आधी करून बघू. मला पटत नाही.

विषाचं नाव दोघांनीही ब्रोमाडिओलोन सांगितलं. बाळ असताना ते घरात ठेवावं का? शेजारी तयार नसतील तर एका खोलीपुरतं करून उपयोग होतो का? सासूबाईंना मधुमेह आहे, पायाची जखम भरत नाहीये आणि गल्लीतलं पाणी उंबऱ्यापर्यंत येतं. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, धास्ती वाटते. कोणी अनुभव घेतला असेल तर लवकर सांगा.

प्रतिसाद :

ताई, दुसऱ्यालाच बोलवा. आम्ही परळला केक टाकून बघितलेत. ब्रोमाडिओलोनने रक्त गोठत नाही, पण उंदीर मरायला चार-पाच दिवस जातात. आमच्याकडे तो माळ्यावर पातेल्यांमागे मेला, वासाने जेवण जाईना. शिवाय बाळ रांगतंय, घरात विष नकोच. चुकून पोटात गेलं तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण झिंक फॉस्फाइड या उंदरांच्या दुसऱ्या विषाला उताराच नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी काढल्या तर दारातूनच परत पाठवा, त्यांचा वायू भिंतीपलीकडच्या खोलीत शिरून जीव घेतो. परवाना आणि औषधाच्या पाकिटावरचं नाव बघितल्याशिवाय कोणालाही काम देऊ नका.

लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. फटीत तारेची घासणी कोंबून वरून काचेचा चुरा घातलेलं सिमेंट भरा. मोरीला लोखंडी जाळी हवीच. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून पिंजरा दोन-तीन दिवस खाणं घालून नुसता उघडा ठेवा, मग लावा.

भोकं बुजवली तर एका खोलीलाही फरक पडतो. गल्लीसाठी १९१६ वर तक्रार करा, पालिकेचं कीटकनाशक खातं बिळं बघतं. पण आमच्याकडे खरा फरक पडला तो वरच्या मजल्यांवरून कचऱ्याच्या पिशव्या पडायच्या थांबल्या तेव्हा.

सासूबाईंना त्या पाण्यात पाय घालू देऊ नका, जखम झाकलेली ठेवा. ताप आलाच तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि पायाला गल्लीतलं पाणी लागलं होतं हे आपणहून सांगा.