मदत हवी आहे: पेटीचा एक सूर न दाबताच वाजतो

जुनी पेटी आहे, दुहेरी सुरांची, म्हणजे एका पट्टीला दोन रीड (सूर देणाऱ्या पितळी पात्या). भाता भरला की मधल्या सप्तकातला पंचम आपोआप वाजत राहतो. पट्टीचं मागचं टोक बोटानं दाबलं की थांबतो. म्हणजे खालची गादी भोकावर नीट बसत नाही. स्प्रिंग ढिली, नाहीतर पावसाळ्यानं पट्टी फुगली.

तारसप्तकातला गंधार मुका. कापूस घरातच भरलेला, तंतू अडकला असावा. रीडखालून पातळ कागद सरकवून काढणार. ब्लेड नाही लावणार: टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो.

स्प्रिंग वाकवून ताण वाढवावा की बदलावीच? गादीला कोणतं कातडं? पोरगी आत्ताच शिकायला लागली, खंजिरी भजनाला साथ करायची म्हणते. बेसूर कानात बसायला नको. वर्धा-अमरावतीकडचा कारागीर असेल तर सांगा जी.