लस, लॉकडाऊन आणि सरकारवरचा भरवसा : नागपूरकरांनो, अनुभव सांगा

दिवाळीची आवराआवर करताना लॅमिनेट केलेलं लसीचं सर्टिफिकेट सापडलं, पंतप्रधानांच्या फोटोसकट. बायको म्हणाली, "फेकू नका, उद्या पुन्हा मागतील." ही धास्ती अजून गेलेली नाही, म्हणून हा धागा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं पुढे ढकलू नका, स्वतःवर गुदरलेलं लिहा.

सुरुवात मीच करतो. एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यात कोविशिल्ड घेतली. दुसरा डोस ६ ते ८ आठवड्यांनी, असं सांगितलेलं. मे महिन्यात तारीख जवळ आली आणि १३ तारखेला अंतर १२ ते १६ आठवडे झालं! केंद्रावर विचारलं, तर तिथला पोरगा म्हणतो, "काका, मलेबी पेपरातच समजलं." अंतर वाढवल्याने लस जास्त चालते याला परदेशातल्या अभ्यासांचा आधार होता, हे मी नंतर वाचलं. पण दारावर 'लस संपली'ची पाटी असताना हे कोणाला पटणार?

सतरंजीपुरा
आमच्या भागातून एप्रिल २०२० मध्ये माणसं बसमध्ये भरभरून विलगीकरणात नेली. आम्ही घरचे सहा जण. अम्मीची साखरेची गोळी घरीच राहिली, परत जाऊ देईनात. चौदा दिवसांत तीनदा नाकात काडी घातली, रिपोर्टचा कागद एकदाही हाती दिला नाही. पुढे लस आली तेव्हा गल्लीत सगळ्यांचा एकच सवाल, "पुन्हा उचलून नेतील काय?" तुम्ही त्याला अडाणीपणा म्हणा.

वकील, सिव्हिल लाइन्स
हे सगळं १८९७ च्या साथरोग कायद्याखाली आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली चाललं. पहिला कायदा प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. त्याचं कलम ४ वाचा : सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबादेत तर लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा हुकूम निघाला. शेवटी २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कोणावर लसीची बळजबरी करता येत नाही. त्याच निकालात केंद्राचं लसीकरण धोरण मनमानी नाही, असंही आहे. अर्धा निकाल पाठवणारे हे वाक्य गाळतात.

आशा सेविका, हिंगणा तालुका
मला पाहिलं की दारं लागत. "दोन वर्षांत मरते म्हणतात" हे मी शंभरदा ऐकलं. वरून तोंडी निरोप, "ऐकत नसतील तर योजना बंद होईल म्हणा." मी नाही म्हटलं. एका म्हातारीच्या ओसरीवर बसले, सांगितलं, "आजी, ताप येईल. हात दुखेल. मले दीड दिवस आला होता, मी गोळी घेऊन पडली." आजी म्हणाली, "हे आंधी काऊन नाही सांगितलं कोणी? सायबं म्हणत काहीच होत नाही, अन् शेजारचा तापानं फणफणला." दुसऱ्या दिवशी ती तीन सुना घेऊन आली. कोविडच्या कामाचे आम्हाला तेव्हा महिन्याला १००० रुपये मिळत, तेही उशिरा.

त्रिमूर्तीनगर
१८ वर्षांवरच्यांना लस सुरू झाली तेव्हा शहरात स्लॉटच मिळेना. अ‍ॅपवर रामटेककडच्या एका गावाचा मिळाला, गाडी काढून गेलो. पारावर बसलेले बघत होते. एक जण बोललाच, "आमच्या नावाची लस, अन् ओळीत सारे नागपूरचे." खाली मान घालून टोचून घेतली.

मानेवाडा
बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. बेडसाठी चार दवाखाने फिरलो होतो, ते लिहीत नाही. त्यांचा पहिलाच डोस झाला होता. डिसेंबरमध्ये त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला : दुसरा डोस यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन. लिंक उघडली तर सर्टिफिकेट होतं. नाव बरोबर, वय बरोबर, केंद्र आमच्याच वॉर्डातलं. तक्रार करायला गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी मृत्यूचा दाखला मागितला, पाहिला, आणि म्हणाल्या, "सिस्टीममध्ये झालं दाखवते ना, मग राहू द्या."