ओव्हरबुकिंगमुळे आईबाबांना फ्लाइटमध्ये घेतलं नाही, आता व्हायरल व्हिडिओ डिलीट करा मग व्हाउचर देतो म्हणतायत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण प्लीज वाचा.

मागच्या रविवारी आईबाबा सकाळी ६ च्या फ्लाइटने पुण्याहून दिल्लीला निघाले होते, दुपारी बहिणीच्या लेकीचं बारसं. तिकिटं दोन महिने आधीची, कन्फर्म. आदल्या रात्री वेब चेक-इन करताना सीट नंबर काही मिळेना, "एअरपोर्टवर मिळेल" एवढंच येत होतं. दोघं सव्वाचारला काउंटरवर हजर, तर तिथली मुलगी म्हणाली फ्लाइट फुल झाली, रात्री ९ च्या फ्लाइटने पाठवते. नियमाप्रमाणे आधी कुणी स्वखुशीने सीट सोडतंय का हे विचारायला हवं, ते कुणी विचारलंच नाही. बारसं त्यांनी एअरपोर्टच्या खुर्चीत बसून मोबाइलवर बघितलं, आई पाळणा म्हणायची होती, तो राहिलाच.

काउंटरवरून आईने भावाला व्हिडिओ कॉल केलेला, तो त्याने रेकॉर्ड करून इन्स्टावर टाकला आणि दोन दिवसात तुफान पसरला. कॉमेंटमध्ये लोक २०१७ चं शिकागोचं युनायटेड एअरलाइन्सचं प्रकरण काढतायत, पण तिथे सीटवर बसलेल्या माणसाला फरफटत बाहेर काढलं होतं, तेही त्यांच्याच क्रूला जागा हवी म्हणून, आमचं तसं नाही. मला जास्त त्रास याचा होतोय की लोक त्या काउंटरवरच्या मुलीला घाणेरड्या शिव्या घालतायत. जास्तीची तिकिटं काय तिने विकली का? भावाने आता चेहरा ब्लर करून परत टाकलाय, पण जुन्या कॉप्या फिरतायत, कुणाला दिसली तर कृपया रिपोर्ट करा.

आता एअरलाइनचा फोन आला, व्हिडिओ डिलीट करा, दोघांना प्रत्येकी ३,००० चं व्हाउचर देतो, सहा महिन्यांत वापरायचं.

डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम (सीएआर सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४) वाचला. दुसरी फ्लाइट मूळ वेळेपासून तासाभरात असेल तर काही मिळत नाही, २४ तासांच्या आत असेल तर एका बाजूचं बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज याच्या २०० टक्के, कमाल १०,०००, आणि त्याहून उशिरा असेल तर ४०० टक्के, कमाल २०,०००. आमचं बेसिक भाडं ४,१०० होतं, म्हणजे फ्युएल चार्ज सोडूनच माणशी ८,२०० होतात. जून २०२२ मध्ये डीजीसीएने एअर इंडियाला याच कारणासाठी १० लाख दंड केला होता, पण दंड सरकारजमा होतो, प्रवाशाच्या हातात काही पडत नाही.

खरी अडचण पुढे आहे. मेलमध्ये त्यांनी "प्रवासी उशिरा आले" असं लिहिलंय! साफ खोटं आहे हे. आमच्याकडे कॅबची पावती आणि ४:२० चा कॉल लॉग आहे. एवढं पुरेल का? एअरपोर्टचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा म्हणून कुणाला अर्ज करायचा? एअरसेवावर (सरकारचं विमान प्रवाशांसाठीचं तक्रार पोर्टल) तक्रार टाकून कुणाला प्रत्यक्ष पैसे मिळालेत का, की सरळ १९१५ ला (ग्राहक हेल्पलाइन) फोन करून पुण्याच्या ग्राहक आयोगात जाऊ? ५ लाखांपर्यंत फी नाही आणि राहत्या जिल्ह्यात केस करता येते हे माहीत आहे, पण वकिलाशिवाय कुणी लढलंय का?

व्हाउचरला शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय, तोपर्यंत त्यांना मेलवर नेमकं काय लिहू तेही सांगा.