हॉटेलात रूम साफ करणाऱ्यांना टिप कशी आणि कधी द्यायची?

भटकभवानी:
काही दिवस सलग हॉटेलात मुक्काम आहे. वेटरचं सोपं असतं, सामान वर आणून देणारा पण समोरच उभा असतो, पण हाउसकीपिंगवाले आपण बाहेर गेलो की येऊन जातात, कधी तोंडही दिसत नाही. मग पैसे ठेवायचे कुठे, रोज की निघताना एकदम? आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेगळं द्यायचं का?

सदा_फिरस्ता:
रोज ठेवा. ड्युट्या बदलतात, सुट्ट्या असतात, त्यामुळे शेवटी एकदम ठेवलेत तर आधी राबून गेलेल्याला काहीच नाही आणि त्या दिवशी जो येईल त्याची चंगळ. सर्व्हिस चार्जचं रिसेप्शनला सरळ विचारायचं की हाउसकीपिंगपर्यंत पोचतो का, लाजायचं काय त्यात. प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं.

झाडूवाली_ताई:
मी या कामात होते म्हणून सांगते, टेबलावर नुसत्या नोटा ठेवू नका. पाहुण्याचे पैसे राहिलेत की आपल्यासाठी ठेवलेत हे कळायला मार्ग नसतो आणि उचलले आणि तक्रार आली तर नोकरीवर येतं, त्यामुळे आम्ही हात लावायचो नाही. सोबत चिठ्ठी ठेवा, ‘हाउसकीपिंगसाठी, थँक्यू’ एवढं बास. उशीखाली तर अजिबात नको, चादरींच्या गठ्ठ्यातून लाँड्रीत जातात. आणि परदेशी पाहुणे स्वतःच्या देशाची चिल्लर ठेवून जातात ती आमच्या काय कामाची, पैसे बदलून देणारे सहसा नाणी घेतच नाहीत.
चेकआउटच्या दिवशी जमलं तर थोडे जास्त ठेवा. ती रूम सगळ्यात जड, चादरी अभ्रे टॉवेल सगळं बदला, बाथरूम घासा, ड्रॉवर बघा, आणि पुढचा पाहुणा खाली रिसेप्शनला ताटकळत असतो.

स्पष्टवक्ता:
मला हे पटतच नाही, पगार देणं हॉटेलचं काम आहे. मॅरियटने २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या हॉटेलांत टिपसाठी रूममध्ये पाकिटं ठेवली तेव्हा लोक हेच म्हणाले की पाकिटं कसली ठेवता, पगार वाढवा.

झाडूवाली_ताई:
@स्पष्टवक्ता अहो बरोबरच आहे तुमचं, पगार वाढायलाच पाहिजे. पण तो वाढेपर्यंत रूम साफ करणारीला त्या वादाचा काय उपयोग? आणि सक्ती कोणीच करत नाही. नसेल द्यायची तर नका देऊ, फक्त ओले टॉवेल एका जागी टाका, कचरा बादलीत टाका, आणि दिवसभर डू नॉट डिस्टर्बची पाटी लावून शिफ्ट संपताना ‘आत्ता साफ करा’ म्हणू नका, खरं सांगते याचाच जास्त वैताग यायचा.

भटकभवानी:
थँक्यू ताई, चिठ्ठीचं डोक्यातच आलं नव्हतं. ज्या दिवशी पाटी लावून कोणाला आतच येऊ दिलं नाही त्या दिवशीचे पण ठेवायचे का?

सदा_फिरस्ता:
कोणी आलंच नाही तर कशाला. मात्र दारात बोलावून टॉवेल, पाण्याच्या बाटल्या मागितल्यात तर त्या माणसाच्या हातातच द्या.